हाकेचं अंतर

बॅटरी लो, एवढंच म्हणतो हिरवट पडदा
आणि पाच सेकंदांनी पुन्हा तेच.
एकोणीस इंच रुंद, दोन खण उंच डबा,
एक स्क्रू हरवलेला, त्या जागी खिळा वाकवून ठोकलाय.
दार्का ह्रिहोर्चुकनं तो घोंगडीत गुंडाळून आणला,
सस्कॅचवनच्या बर्फातून दीडशे किलोमीटर,
शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
"बाबांचा आहे," म्हणाली. "नाताळच्या आत होईल?"

न व्हायला काय झालं. नाण्याएवढा सेल, चार डॉलर.
फक्त तो काढला की डब्याची आठवण जाते,
सगळी त्या नाण्यावरच तगून असते.
म्हणून मी आधी वही उघडतो
आणि एकेक प्रोग्रॅम पेन्सिलीनं उतरवून घेतो.

दुसऱ्याची सेटिंग्ज वाचणं म्हणजे
परक्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधणं.
ओरेस्टचं सगळं जागच्या जागी होतं:
वॉल्ट्झ, पोल्का, लग्नातला शेवटचा नाच,
३७५, ५००, ३००,
साठ हजारांना टेम्पोनं भागावं आणि बाकी उरू नये.
गिटार वाजवणारे इतके हिशेबी नसतात.

मग एक्केचाळीस आणि बेचाळीस.
नावं लितो, झिमा.
४०७ मिलिसेकंद, ४५२ मिलिसेकंद.
फीडबॅक शून्य, म्हणजे आवाज एकदाच परत येणार
आणि तोही वरची धार कापलेला,
घोंगडीआडून बोलल्यासारखा.
मी भागून पाहिलं.
एकशे सत्तेचाळीस पॉइंट चार.
पॉइंट चारवर कुठली वरात नाचते?
म्हातारपणी कान गेले असतील, म्हटलं,
आणि पेन्सिल ठेवून चहा टाकला.

फोनवर दार्का थोडा वेळ गप्प.
"लितो म्हणजे उन्हाळा. झिमा, हिवाळा."
मग म्हणाली, आमच्या मागच्या पायरीसमोर रूळ होते,
रुळांपलीकडे धान्याचा एलेव्हेटर,
लाकडी, अवाढव्य, हाकेच्या अंतरावर.
बाबा लहानपणी पायरीवरून हाक मारायचे,
ती भिंत ओ द्यायची.
पाडणार अशी नोटीस लागली त्या वर्षी
त्यांनी हा डबा घेतला, हप्त्यानं.
जानेवारीत दार सताड उघडं टाकून
पायरीवर दोन फळ्या आपटायचे,
धावत आत यायचे, बटण एक घर फिरवायचे,
पुन्हा बाहेर.
आई ओरडत होती, गॅसचं बिल कोण भरणार.
मी नऊ वर्षांची, टोपी घालून जेवत होते.

फोन ठेवल्यावर मी उलटा हिशेब मांडला.
उन्हात आवाज चपळ असतो, थंडीत पाय ओढतो.
पंचवीस अंशाला ४०७,
उणे बत्तीसला ४५२,
दोन्हीकडून उत्तर एकच:
जायला साडेसत्तर मीटर, यायला साडेसत्तर.
आम्ही म्हणतो हाकेच्या अंतरावर
आणि मोजत मात्र नाही कधी.

सेल बदलला. पडदा कोरा.
एक्केचाळीस: रिकामं. बेचाळीस: रिकामं.
वही जवळ असूनही माझ्या पोटात गोळा आला.

शनिवारी ती आली, बूट न काढता बाकावर बसली.
मी आकडे भरले, माइक तिच्यापुढे केला.
ती हॅलो म्हणाली नाही, चेक वन टू तर नाहीच.
"तातु," म्हणाली, हळू.
भिंतीनं, जी गेली तेवीस वर्षं नाही,
जरा थांबून, लाकडी आवाजात
तिचं तिला परत केलं.

मी मिक्स थोडा उतरवला. उगाच.
हातांना काहीतरी हवं होतं.
"अजून थोडं लांब," ती म्हणाली.
वहीत ४५२ आहे, मी म्हटलं.
"पाडला त्या आठवड्यात थंडी जास्त होती."

४५३.
४५४.
पंचावन्नला तिनं हात वर केला.
तीस वर्षं हेच काम करतोय,
खरं सांगतो, मला फरक ऐकू आला नाही.
पेन्सिलीनं आकडा खोडला, नवा लिहिला,
आणि बिलात चार डॉलर लावले.