बदल कळवण्याचा फॉर्म

टोरविक काउंटीचं हे ऑफिस पूर्वी फर्निचरचं दुकान होतं.
भिंतीवरून ‘सोफे’ ही अक्षरं काढली,
पण त्यांच्या खालचा रंग उन्हानं उडाला नव्हता,
म्हणून तो शब्द अजून वाचता येतो.
बसायला मात्र प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
त्याही जमिनीला बोल्टनं जखडलेल्या.

मी खिडकी नंबर चार.
धान्याचं कार्ड, औषधांचं कार्ड, हिवाळ्याच्या गॅसची मदत,
लोकांना वाटतं मी देतो.
मी फक्त विचारतो.

सतरावा प्रश्न असा:
एका छपराखाली राहणारे तुम्ही
अन्न एकत्र आणता का, एकत्र शिजवता का?
सरकारला नातं नको असतं, रक्त नको असतं.
चुली किती, एवढंच हवं असतं.

नऊ वर्षांपूर्वी दोघी एकाच गाडीतून आल्या,
दोन वेगळे नंबर घेऊन दोन टोकांना बसल्या.
व्हर्ना स्टेन्सरूड. आर्डिस स्टेन्सरूड.
सख्ख्या बहिणी. अर्ज दोन.
मी पडताळणीला त्यांच्या घरी गेलो, तसा नियम आहे.
शेगडी एक, चुली दोन.
फ्रिजच्या मधोमध वरपासून खालपर्यंत निळी चिकटपट्टी.
अंडी सहा इकडे, सहा तिकडे.
मिठाचे डबेसुद्धा दोन,
ते मी वहीत लिहून घेतले,
मिठाला साक्षीला उभं केलं.
भांडण कशावरून, याला रकाना नव्हता.
मी लिहिलं: दोन कुटुंबं.

या फेब्रुवारीत व्हर्ना एकटी आली.
नंबर एकसष्ट. बुटांवरचं बर्फ वितळून
खुर्चीखाली नकाशा झालेला.
म्हणाली, बदल कळवायचा फॉर्म द्या.
आर्डिस गॅरेजपाशी घसरली, खुब्याचं हाड मोडलं.
पंधरा दिवस मीच करून घालतेय.
पहिल्या दिवशी बटाट्याचं सूप नेलं,
तिनं एक चमचा घेतला आणि म्हणाली, मीठ कमी आहे.
नऊ वर्षांत तेवढंच बोलली.

मग चष्मा पुसत म्हणाली,
दहा दिवसांच्या आत कळवा असं पत्रात असतं.
मला पाच दिवस उशीर झाला. दंड किती?

दंड नाही, म्हणालो.
आकडेमोड केली. एक चूल झाली की
दोघींचे मिळून महिन्याला सेहेचाळीस डॉलर कमी.
स्क्रीन तिच्याकडे वळवली नाही.
म्हणालो, हे आजारपणापुरतंच असेल ना?
ती बरी झाली की तुम्ही पुन्हा आपापलं...
व्हर्नानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी वाक्य तिथंच सोडलं.
चिकटपट्टी काढलीय, म्हणाली.
डाग राहिलाय. व्हिनेगरनंही जात नाही.

बदलाचं कारण निवडा:
जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट,
नोकरी लागली, नोकरी गेली, इतर.
मी ‘इतर’ निवडलं.
पुढे चाळीस अक्षरांची जागा होती. कोरी ठेवली.

मग आठवलं, साठीच्या पुढे औषधांची वजावट मिळते.
पावत्या आहेत?
तिनं पर्समधून रबरबँड लावलेली गठ्ठी काढली,
वॉकर, गोळ्या, दवाखान्याला जायचं पेट्रोल.
एकेक पावती स्कॅन केली.
मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं, दुपारची सुट्टी टळली.
सेहेचाळीसातले एकोणीस परत आले.
सत्तावीस गेले ते गेले.

शेवटचा रकाना: कुटुंबप्रमुख.
आता अर्ज एकच, नाव एकच वर येणार.
व्हर्नाचं पेन थांबलं.
आमचं कशावरून फाटलं माहितीये, म्हणाली,
आईच्या थडग्याच्या दगडावर
कोणत्या मुलीचं नाव वर कोरायचं, त्यावरून.
दगड अजून कोरा आहे.

थोडा वेळ हीटरचाच आवाज.

तिचं लिहा, म्हणाली.
पण मी विचारून लिहिलं असं सांगू नका तिला,
म्हणावं, कॉम्प्युटरनं आपोआप घेतलं.

मी ‘आर्डिस’ टाइप केलं.
मग बटण दाबलं: बासष्ट.