साडेपाच फुटांवर

रविवारी सकाळी सात वाजता
राजापूरच्या बाजारपेठेत आम्ही अकरा जण.
माणशी पन्नास रुपये, चहा-घावणे धरून.
पुढे तबस्सुम खलिफे, हातात वेताची काठी,
दाखवायला.

मी सगळ्यांच्या मागे.
भाचीने नाव घातलं माझं. म्हणाली,
मामा, रिटायर झालात, आता गाव तरी बघा.
गाव!
एकतीस वर्षं या आळ्यांतून मीटर वाचलेत मी.
कुणाचं कुत्रं पोटरी धरतं,
कुठल्या पडवीत वाकून शिरायचं,
झोपेत सांगेन.

"वर बघा," ती म्हणाली.
वाशाच्या टोकाला कुणा सुताराने
मासा कोरलेला. खवले अर्ध्यापर्यंतच.
पुढे जेवायची हाक आली असेल.

"आता खाली."
पायरीच्या सिमेंटात मांजराची पावलं,
ओल्यातून दारापर्यंत गेलेली
आणि तिथून, काय झालं कोण जाणे, परत फिरलेली.

मग चिऱ्याच्या भिंतीत एक लोखंडी कडी.
"इथे पडाव बांधायचे. खाडीचं पाणी इथवर यायचं."
लोक वाकून कडीला हात लावत होते.
मी तिला छत्री अडकवायचो,
सगळा पावसाळा,
आणि वहीत आकडा उतरवून पुढे.

म्हणजे माझं गाव होतं
जमिनीपासून साडेपाच फुटांवर,
काचेमागे फिरणारी एक चकती
नि पाच आकडे.
त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही.

शेवटी हातणकरांची पडवी. दाराला कुलूप.
चौकटीशेजारी गिलाव्यावर पेन्सिलीने, एकाखाली एक:
०४३१२
०४३१२
०४३१२
०४३१२
"हे मात्र उलगडत नाही," तबस्सुम म्हणाली.
"नारळांचा हिशेब असेल," कुणीतरी.
"रोज तेवढेच नारळ?" दुसरं कुणी. हसले सगळे.

चारची शेपटी मी अजून तशीच काढतो.
वही भिजली होती तेव्हा, भिंतीवर लिहिलं,
मग तीच सवय पडली.
आठ महिने आकडा हलला नाही.
मी शेरा मारला: मीटर नादुरुस्त.
मीटर बदलून गेले. नवाही हलला नाही.

आत वासुअण्णा पेट्या दुरुस्त करायचे.
एकच सूर यायचा, पुन्हा पुन्हा,
थोडा वर, थोडा खाली, जागेवर येईपर्यंत.
"कोण?" ते विचारायचे,
मी दारात, उजेडात, पाच पावलांवर उभा असताना.
दर वेळी विचारायचे.
मी म्हणायचो, "मीटर."

काठी पुढच्या घराकडे वळली होती.
"अहो ताई," मी म्हणालो, "ते नारळ नव्हेत."
ती थांबली. दहाही जण थांबले.
"मग काय?"

चौकटीपलीकडे, बंद दाराच्या फटीतून
बघायला मी पहिल्यांदाच वाकलो.
काही दिसेना.