पाच-तीन-दोन

ना सण, ना कुणाचं ऑपरेशन,
नुसतीच आलेय चार दिवस सांगलीला.
मगदूम वहिनींना हे पटत नाही.
जिन्यात गाठून दोनदा विचारलं,
"घरी सगळं बरं आहे ना?"

दिवस मावळायच्या आत आमच्याकडं जेवणं उरकतात.
लहानपणी त्यामुळं संध्याकाळ संपता संपायची नाही,
आता तेवढ्यासाठीच येते.
आई ओटा पुसते, आप्पा चटई झटकतात,
दुर्रीपासून छक्क्यापर्यंतची पानं डब्यात जातात,
सत्त्या दोनच ठेवायच्या.

तीन माणसांचा खेळ.
तीनच तर होतो आम्ही पूर्वीपासून.
पण आप्पा मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर,
आणि रात्री कोपऱ्यावर लुना वळली
की मी पुस्तकात तोंड खुपसायचे.
पिवळ्या बोटांनी ते माझी खाऊच्या पैशांची वही तपासायचे.
एकदा पाच पैसे लागत नव्हते,
अख्खं पान पुन्हा लिहायला लावलेलं.

हाच माणूस आता
"किलवर नाही माझ्याकडं" म्हणत हुकमानं मारतो
आणि दोन हातांनंतर किलवरची राणी टाकतो,
शांतपणे.
"आप्पा!"
"चष्मा बदलायला झालाय."
आई एवढी हसते की कवळी सावरावी लागते,
मग एक्का आपटते:
"टाका पान, बाळगोंडा!"
नवऱ्याचं नाव. उखाण्याशिवाय.

पैसे लावायचे नाहीत, हा तिचा नेम.
म्हणून बेदाणे. तासगावचे, हिरवे, लांबट.
रात्री खायचं नाही,
तेव्हा जिंकलेले वाटीत तसेच राहतात
आणि सकाळी माझ्याच वाटीत कमी भरतात.
दोघंही नुकतीच देवळातून आलेली असतात,
चेहरे असे की विचारायची सोय नाही.

काल म्हटलं, कुठं शिकलीस गं हे?
"मिरजेच्या दवाखान्यात. तू पोटात होतीस.
दीड महिना खाटेवरून उतरायचं नाही म्हणालेले.
पलीकडच्या खाटेवर जैबुन आणि तिची नणंद.
जैबुन हरली की तुला शिव्या द्यायची,
ही आतून खुणा करते म्हणायची."
"मला कधी सांगितलं नाहीस."
"तू कधी बसलीस?"

आज सकाळी शेवटचा डाव.
मी दोनची, चार केले.
आप्पा पाचचे, तीनच झाले.
पुढच्या डावात मी त्यांचे दोन हात ओढायचे,
पण पुढचा डाव कुठला, खाली रिक्षा वाजतेय.
आप्पांनी वही काढली.
पेढीवरच्या त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं:
चि. त्रिशलाचे येणे, हात दोन.
तारीख घातली, सही केली,
आईपुढं सरकवली साक्षीला.

तिनं वही लांब धरून वाचली.
"व्याज लावा," म्हणाली.