रकाना क्रमांक अकरा

परिपत्रकाला जोडून फॉर्म आलाय.
महामारीतील अनुभव लक्षात घेऊन
बालसेवा सुधारण्यासाठी सूचना द्याव्यात.
खाली तीन ओळी आखलेल्या.
कडेला बारीक अक्षरात: मोजक्या शब्दांत.

आमची अंगणवाडी मालवा मिलच्या मागं,
एका खोलीची, भाडं नेहमीच थकलेलं.
त्या मार्चात कुलूप लागलं तेव्हा
भिंतीवरचा अननस आतच राहिला,
सतरंजी राहिली, चोवीस वाट्या राहिल्या.
वजनकाटा तेवढा मी बाहेर काढला
पदरात गुंडाळून,
चोरल्यासारखा.

काटा टांगायला वर काहीतरी लागतं.
घरात कुणी घेईना. बरोबरच होतं त्यांचं.
शेवटी टांगला तो
तेजकरणच्या पोह्यांच्या गाडीला, आडव्या दांडीवर.
कढई पालथी, शेवेचे डबे रिकामे.
तो म्हणाला, तोला दीदी,
गाडीला तरी काम मिळू दे.

पोरं झोळीत बसायची, पाय झाडायची.
मी लांबूनच मान ताणून वाचायची,
चश्म्यावर वाफ,
सात सहाशे की आठ सहाशे?
त्या एका किलोपायी रात्रभर जागी होते.
सकाळी पुन्हा गेले. सात सहाशे.

दंडाच्या घेराची पट्टी मग आयांनाच वाटली.
हात लावायचा नव्हता ना, दुसरं काय करणार.
तिसऱ्या दिवशी अफसाना खिडकीतून ओरडली,
दीदी, पीला आया!
सही करता येत नाही तिला.
सतरा वर्षं मी त्यांच्या दारात उभी राहून
त्यांच्याच लेकरांचे दंड मोजत होते,
आकडा वहीत लिहून
वही मिटून निघून येत होते.

सुरमलची लच्छी, पान सत्तेचाळीस.
ते लोक रात्रीच निघाले, झाबुआकडे, पायी.
पोरीच्या वाट्याचं सत्तूचं पाकीट
माझ्या ट्रंकेत मुदत संपेपर्यंत होतं.
सुपरवायझर म्हणाल्या, नाव कमी करा,
टक्केवारी बिघडते.
मी पेन्सिलीनं लिहिलं: गावी.

आणि उघडलं पुन्हा, तेव्हा
खिचडीचं काही अवघड गेलं नाही.
अवघड गेलं ते नैतिकचं.
टाळेबंदीत जन्मलेला, एका खोलीत वाढलेला,
त्यानं आपल्याएवढं माणूसच पाहिलं नव्हतं.
दारात तासभर उभा.
मग हळूच जाऊन रुबीनाचा कान ओढून पाहिला,
खरा आहे का म्हणून.
ती रडली. तो हसला.
मग दोघंही रडले आणि मला बरं वाटलं.

बोलत मात्र नव्हती बरीचशी.
तोंडं कुठं दिसली होती त्यांना आमची?
शर्टाच्या खोक्याचं प्लास्टिक कापून
मी मास्कला खिडकी शिवली,
प कसा मिटतो आणि फुटतो ते दिसावं म्हणून.
पपई म्हणता म्हणता ती खिडकी धुकटायची,
पुसायची, पुन्हा पपई.
हे कुठल्या रकान्यात बसतं, मला माहीत नाही.

पाच वाजता फॉर्म न्यायला माणूस येणार.
कमलेशबाई वाट्या घासता घासता म्हणते,
मानधनाचं लिहा, मानधनाचं.
नैतिक झोळीत बसलाय, उतरत नाही,
दरवाज्याच्या चौकटीला लावलाय काटा,
चौकट करकरते.

मी लिहिते:
छताला एक लोखंडी कडी हवी, पक्की.
पट्ट्या आयांकडेच राहू द्याव्यात.
पान सत्तेचाळीस कमी करू नये.

ओळी संपल्या.
समासात जागा होती थोडी, तिथं
बारीक अक्षरात:
मानधनाचं मागच्या बाजूला आहे.
कृपया पान उलटावे.