चौथी तार

हिगाशींच्या दुकानात घड्याळ नाही.
हवेत ओल किती, ते सांगणारा एक काटा आहे,
आणि हिलोत तो कायम उजवीकडे कललेला.

मी म्हटलं, मोठं हवंय. बॅरिटोन.
एबेल गेल्यापासून
आमच्या गाण्याला तळ राहिला नाही.
तीन बायका, दोन छोटी युकुलेले,
सगळं कसं चवड्यांवर चालल्यासारखं.

ते बोलले नाहीत काही.
भिंतीवरून एकेक उतरवत गेले.

कोआचं: अंगावर आगीच्या रेघा,
किंमत ऐकून माझी मीच हसले.
महोगनीचं: शेजारच्या खोलीत
कुणी हळू बोलावं, तसं.
स्प्रूसचं: विचारायच्या आधी उत्तर देणारं,
पहिल्या बाकावरचं पोर.

मग खालच्या फळीवरून एक, बाहीनं धूळ पुसत.
"आंबा. पेपेएकेओच्या वळणावरचा.
रस्ता रुंद केला तेव्हा पाडला."
पाठीला भेग, आतून पट्टी लावून सांधलेली.
पोटाशी धरलं, एकच तार छेडली.
बरगड्यांना आधी कळलं,
कानांना मागाहून.

हेच, मी म्हटलं. आणि तारा जाडातल्या जाड द्या.

तेव्हा कुठे ते हसले.
"जाड तारेनं आवाज भरत नाही,
लाकडाचा गळा आवळला जातो.
ही वरची फळी दोन पोस्टकार्डांएवढी.
तिला हलू दे."

दोन तारा दिल्या चांदीच्या वेढ्यांच्या,
दोन साध्या, आरपार दिसणाऱ्या,
एबेलच्या डब्यात अजून गुंडाळून पडलेल्या
गळाच्या दोरीसारख्या.

रात्री टेबलावर टॉवेल पसरला.
घोडीच्या भोकातून तार, मागे वळवून
स्वतःच्याच कमरेला दोन विळखे.
भाऊ डोळे मिटून बांधायचा गाठी, हलत्या होडीत.
माझी पहिली सुटली सटकन,
मनगटावर लाल वळ.
चौथी तर खाचेत बसेना,
खुंटी पिळली की टिक, टिक,
आणि सूर उडी मारून पुढे.
पेन्सिलचं शिसं घासलं खाचेत.
मग आली, कुरकुर न करता.

तीन दिवस सगळं उतरत राहिलं.
सकाळी लावावं, दुपारी ढिलं.
फोनवर हिगाशी म्हणाले, "ताणू दे तिला. नवी आहे."

तिसरी मात्र बोटाखाली किंचाळायची,
चांदीवर कातडी घासून.
परत गेले. त्यांनी ती काढून साधी लावली,
पैसे घेतले नाहीत,
पपया घेतल्या.
आता चांदीची एकच. सगळ्यात खालची.

रविवारी डॉर्कसच्या गॅरेजात
मी सगळ्या तारा एकदम वाजवल्या,
प्रत्येक ठोक्याला, दोन्ही हातांनी माती ढकलून
खड्डा बुजवावा तशी.
नोहेआ मधेच थांबली.
"इतकं नको गं. आम्हाला आमचंच ऐकू येत नाही."

राग आला. खरं सांगते, राग आला.
दोनशे ऐंशी डॉलर आणि मनगटावरचा वळ.

मग पुढच्या कडव्याला
फक्त चौथी छेडली. एकदा.
आणि हात मागे घेतला.

ती घुमत राहिली
आंब्याच्या पोटात, भेगेपाशी जरा खरखरत,
आणि त्या दोघी तिच्यावर
पाऊल टेकवून उभ्या राहिल्या.

एबेलचा आवाज नव्हता तो. असा नव्हताच.
तरी गाता गाता डॉर्कसनं
आपली खुर्ची डावीकडे सरकवली, न बघता,
रुंद खांद्याच्या माणसाला
लागते तेवढी.

ओल वाढली की भेग अजून कुरकुरते.
हिगाशी म्हणतात, आणा, बघू.
मी नेत नाही.