मानशीवरचा कार्यक्रम

वारसा सप्ताह, दिवस तिसरा. दिवाडीच्या फेरीबोटीतून
पन्नास खुर्च्या, एक ध्वनिक्षेपक आणि मी.
फोटो नीट यावा म्हणून मंडपवाल्या पोरांनी
मानशीचे दार सताड उघडून
बांबूला दोरीने करकचून बांधलेले.

मंत्री साडेदहाचे. साडेअकरा झाले.
व्याख्याते सांगत होते खाजनांचे वय,
बांधातला चिखल, पेंढा, मीठ सोसणारे कोरगूट;
चांगले सांगत होते, खरेच.
पहिल्या रांगेत, शालीसाठी बोलावलेला इनास
सारखा मान वळवून नदीकडे बघायचा.
मला वाटले, कंटाळला.

मग तो उठला.
कुणी माइक पुढे केला, तो बाजूला सारून
बांधावरून खाली उतरला,
कमरेच्या आकडीतला कोयता काढून
दोरी कापली.
दार हलले. थोडे थांबले. आणि भरतीच्या रेट्याने
आपसूक लागले,
जुन्या लाकडाचा एकच ठोका देत.

आत शेतात घोट्याएवढे खारे पाणी.
"आणखी अर्धा तास," तो म्हणाला,
"मग पुढची दोन पिके मिठाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.
तो दाराच्या फटीत बोटांनी चिखल भरत बसला होता,
पाठ आमच्याकडे.

सव्वाबाराला मंत्री आले, लाल फीत कापली.
अहवालात मी लिहिले, कार्यक्रम वेळेवर पार पडला.

दोरीचे बिल अजून माझ्या खणात आहे.
मंडपवाला दर सोमवारी फोन करतो:
साहेब, कापली कोणी, तेवढे तरी लिहून द्या.