चार बोटं खाली

गोमतीकाकींनी गुडघे बदलून घेतले डेरवणला,
दोन्ही एकदम, आणि अडीच महिन्यांत गॅरेजच्या दारात हजर.
"मजीद, गाडी खाली कर."
म्हटलं, पायरी लावून देतो, पत्र्याची, घडीची.
"मना पायरी नको. मी काय पालखीत बसतंय?"
किती खाली?
त्यांनी एक हात मांडीला लावला, एक सीटला,
मधली जागा बोटांनी मोजली.
चार.

व्हॅन त्र्याहत्तरची.
बर्फाचं पाणी झिरपून मागची फळी हिरवी पडलेली,
स्टिअरिंगवर, घड्याळात दहा आणि दोन असतात तिथे,
काकींच्या मुठींनी काळं आवरण खाल्लेलं,
आतलं लोखंड अंगठीसारखं गुळगुळीत.

जॅक लावला. खाली जांभ्याचे चिरे.
यू-बोल्ट हलेनात,
खाऱ्या हवेनं नट आणि बोल्ट एकच करून टाकलेले.
रात्रभर मुशीचं तेल पाजलं, होडीला लावतात तेच.
वासानं गल्लीतली मांजरं येऊन चाकांखाली बसली.
सकाळी पहिला बोल्ट असा काही करकरला
की निहालच्या हातातला चहा सांडला.

पाट्यांची थप्पी उघडली. सात पानं, मधे गंज,
आणि गंजात चिकटलेला एक खवला, घोळीचा असावा,
अजून चकाकत होता.
दोन्ही बाजूंची दोन-दोन पानं काढली,
रबर कापलं, शॉकॉब्सर आखूड बसवले.
चिरे काढले तेव्हा गाडीनं मान खाली घातली
चार बोटं.
पाव बोट जास्तच, पण ते मी सांगितलं नाही.

काकी बसल्या. कुणाचा हात न धरता.
बोलल्या काही नाहीत, फक्त आरसा नीट केला.

आसूदच्या उतारावरून परत आल्या त्या तणतणत.
"खड्डा आला की डावीकडं पळते! मी नाय वळवत, तीच वळते!"
निहाल म्हणाला, सवय असेल, काकी,
इतकी वर्षं बंदराकडेच वळली ती.
क्षणभर मलाही तसंच म्हणावंसं वाटलं.
पण खाली सरपटून बघितलं:
ॲक्सल वर आलाय, दांडी तिरपी झालीय,
चाक उसळलं की दांडी त्याला ढकलते.
आठवण वगैरे काही नाही. कोन आहे.

"आर्म तापवून वाकवू," निहाल म्हणाला.
अब्बांनी मला दोन गोष्टी शिकवल्या.
दुसरी ही, की स्टिअरिंगला आग दाखवायची नाही.
पहिली उधारीबद्दल होती. ती मला जमली नाही.

दापोलीच्या लेथवाल्याकडून रीमर आणला,
आर्मचं भोक उलट्या अंगानं कोरलं,
पाव फेरा, पुसायचं, बघायचं, पाव फेरा,
बुश बसवलं.
दांडीचं टोक वरून बसायचं ते खालून बसवलं.
लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला आणि थांबला.
पिन नवी.
मग काकींच्याच घरातली तंगूस
मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत ताणली
आणि टो जुळवला,
कातरलेल्या सुपारीच्या जाडीएवढा आत.

संध्याकाळी मी शेजारच्या सीटवर.
फाट्याआधीचे तिन्ही खड्डे गाडीनं सरळ गिळले.
काकींनी चाक सोडलं, मुठी मांडीवर ठेवल्या.
गाडी सरळ.
"आता आपणहून नाय वळायची ही?"
नाही, म्हटलं.

लिलावाचा आवाज ऐकू येऊ लागला होता,
बैलगाड्या पाण्यातून वर येत होत्या.
"मेली," काकी म्हणाल्या,
आणि चाक दोन्ही हातांनी ओढून
डावीकडे घेतली.